गाडीचा पहाटेचा ताप

उस्तादांना गल्लीत सगळे सूर्यवंशी म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं; सूर्य चांगला वर आल्याशिवाय ते अंथरूण सोडत नसत, एवढाच त्याचा अर्थ. सारी हयात गाड्या दुरुस्त करण्यात गेली, पण न्याहारीची वेळ टळल्याशिवाय गॅरेजचं शटर कधी वर गेलं नाही. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की म्हणायचे, "झोपमोड झालेल्या माणसाच्या हातून नट ढिला राहतो, बाबा. मग चाक तुझ्या पुढे पळालं तर मला सांगू नकोस." पण हाताला गुण असा, की गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, थांबून राहायचं.

अशा माणसाच्या वाट्याला नेमकी थोरल्या बहिणीची गाडी आली.

ताईची बेकरी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. पहाटे भट्टीतून निघालेला पाव जुन्या डिझेल व्हॅनमध्ये भरायचा आणि इस्पितळाच्या कॅन्टीनला पोहोचवायचा, हा तिचा नेम. थंडी पडली आणि व्हॅन रुसली. रोज सेल्फ मारून मारून ताई थकायची, मग भाऊजी आणि चार शेजारी धक्का मारत गाडी उतारापर्यंत न्यायचे, तेव्हा कुठे ती खोकत खोकत जागी व्हायची. तोवर इस्पितळातला चहा उरकलेला असायचा. शेवटी कॅन्टीनच्या मॅनेजरने सांगून टाकलं, "ताई, आणखी एकदा उशीर झाला, तर मी दुसरी बेकरी बघणार." कॅन्टीन गेलं की भट्टी थंड, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ताईने गाडी दोनदा गॅरेजात आणली. दोन्ही वेळा उस्तादांनी भर दुपारी चावी फिरवली आणि गाडी गुणी मुलीसारखी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"हिला काही झालेलं नाही. तुझ्या हाताला घाबरते ती."

"माझ्या हाताला तू घाबरायचास," ताई म्हणाली. "अरे बाळ्या, हिला ताप भरतो पहाटे आणि तू नाडी बघतोस दुपारी! इथवर चालत आली म्हणजे अंग गरम झालंच की तिचं."

"मग रात्रभर इथेच ठेव."

"आणि पहाटे पाव काय डोक्यावरून नेऊ?"

गार इंजिनाचं दुखणं गार असतानाच बघावं लागतं, हे उस्तादांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यासाठी पहाटे उठावं लागेल, हा विचार ते इतके दिवस मनातून हाकलत होते.

दुसऱ्या पहाटे ताईने येऊन त्यांचं पांघरूणच ओढलं. "ऊठ! नाहीतर भंगारवाल्याला दोन्ही नग देऊन टाकते. थंडीत ना ती सुरू होते, ना तू."

"वन्सं, पाणी आणू का ओतायला?" उस्तादांच्या बायकोने दारातून उत्साहाने विचारलं.

उस्ताद मफलर गुंडाळून, धडपडत बेकरीपाशी आले. भाऊजी बाह्या सरसावून उभेच होते. "आज कुणी धक्का मारायचा नाही," उस्तादांनी बजावलं. ताईने चावी फिरवली. इंजिन जोमाने फिरलं, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ ठणठणीत. पण पेटायचं नाव नाही. उस्ताद मागे जाऊन वाकले. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. त्यांनी नाक पुढे केलं. कच्च्या डिझेलचा वास. त्यांची झोप कुठल्या कुठे पळाली.

"डिझेल पोहोचतंय, पण जळत नाहीये. आत ऊब नाही. इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग बघायला हवेत."

"हीटरचा दिवा तर लागतो," ताई म्हणाली.

"करंट सोडला, एवढंच तो दिवा सांगतो. आत कुणी कामावर आहे का, ते नाही सांगत. आता भाऊजी उठून बसले, म्हणजे जागे झाले का?"

"हे सूर्यवंश्याने बोलावं!" भाऊजी म्हणाले.

उस्तादांनी प्लगांच्या वायरी सोडवल्या आणि एकेकाला तपासायचा बल्ब लावला. पहिला अंधार. दुसरा अंधार. तिसराही अंधार. चौथ्यावर बल्ब लागला.

"चारातले तीन मेलेत. दुपारी हवा गरम, इंजिन गरम. तेव्हा यांची गरजच पडत नाही. थंडीत एकटा बिचारा किती फुंकर घालणार?"

मागोमाग आलेल्या बायकोने गॅरेजातून नवे प्लग आणून दिले. गारठलेल्या बोटांनी, तोंडाने वाफा सोडत, उस्तादांनी ते बसवले. ताईचे डोळे मात्र सारखे उजळणाऱ्या आभाळाकडे जात होते.

"चावी अर्धी फिरव. थांब... दिवा विझू दे. आता मार!"

एका दमात इंजिन गरजलं. धक्का मारायला स्वेटर घालून निघालेले शेजारी रस्त्यातच थबकले. "काय उस्ताद, आमचा व्यायाम बुडवलात!" एकाने ओरडून सांगितलं.

ताईने उस्तादांना गाडीत ओढलं, तसंच, हातातल्या पान्यासकट. कॅन्टीनचा मॅनेजर नुकताच कुलूप काढत होता. पावाचा ट्रे घेताना चटका बसला म्हणून त्याने हात बदलला आणि तो म्हणाला, "ताई, उद्या दोन ट्रे जास्त आणा. असा पाव असेल तर लोक मागून घेतील."

ताईने इंजिन बंद केलं. मग सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. प्रत्येक वेळी लहान मुलीसारखी खदखदून हसायची.

"अगं, बॅटरी संपवशील! आता ती तापली आहे, याने काही सिद्ध होत नाही. खरं काय ते उद्या पहाटे कळेल."

"मग उद्या पहाटे ये."

उस्तादांनी जांभई दिली, ट्रेमधला एक पाव उचलून मधोमध मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. "येईन," ते म्हणाले.