परभणीहून रुजू

चाकणच्या आमच्या कंपनीत नव्या माणसांना रुजू करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी फार झकास करते असा माझा ठाम समज होता. घरून काम करणाऱ्यांसाठी मी चाळीस स्लाइड्स बनवल्या होत्या. लॅपटॉप कुरियरने जायचा, सोबत कंपनीचा मग आणि स्वागतपत्र. त्या पत्रात टायपिंगची एक चूक निघाली तरी मी दिवसभर धुमसायचे.

परभणीची एक डिझायनर अशीच घरून रुजू झाली. मूल लहान म्हणून बरीच वर्षं घरी बसली होती, त्यानंतरची ही पहिली नोकरी. मी रोज फोन करून विचारायचे. समजलं का? हो मॅडम. काही शंका? नाही मॅडम. तीन महिन्यांनी तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. डिझाइनचे साहेब म्हणाले, "मीटिंगमध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून बसते. शुक्रवारी नारळ देऊन टाका." मलाही तिचा रागच आला होता. बाईसाठी एवढं केलं, आणि ही बोलायला तयार नाही!

तिला काढल्याचं पत्र लिहायला बसले तेवढ्यात शॉपवरचा, म्हणजे खालच्या कारखान्यातला, जुना फिटर जिना चढून वर आला. चाकण गावचाच माणूस, निवृत्तीला टेकलेला. हातात एका फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं, ड्रॉइंग होतं.

"मॅडम, ह्ये कुणी काढलंय? बोलवा त्याला खाली."

"ती परभणीला असते, काका."

"मग फोन लावा की!"

खाली जाऊन मी व्हिडिओ कॉल लावला. फिटरनं बोल्टला पाना लावून दाखवला. पाना जरासा फिरला आणि कडेला अडला.

"बघ पोरी. आता कसा आवळायचा ह्यो?"

ती म्हणाली, "माहितीये काका. दोन महिने झाले, मला ते खटकतंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? मूळ ड्रॉइंग साहेबांचं आहे, मी फक्त मापं बदलते. खाली ते कोण बनवतं, हेच मला ठाऊक नव्हतं."

फिटर माझ्याकडे बघायला लागला. माझ्या स्लाइड्समध्ये रजेचे प्रकार होते, पीएफ होता, कंपनीच्या मालकांचा फोटो होता. ड्रॉइंग कुणाच्या हातात जातं, तेवढं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा नंबर घे," फिटर तिला म्हणाला. "काय बी अडलं की लाव. फकस्त जेवणाच्या सुट्टीत नको."

मी पत्र लिहिलं नाही. साहेबांना सांगितलं, ती गप्प राहिली त्यात चूक माझी आहे, तिला आणखी एक महिना द्या. ते कुरकुरले, पण दिला. त्या महिन्यात बोल्टची जागा बदलली, आणि मीटिंगमध्ये तिनं साहेबांची आणखी दोन ड्रॉइंगं अडवली. साहेबांनी निमूट सही करून तिला कायम केलं.

कळवायला मी लगेच फोन केला.

"काकांनी सकाळीच सांगितलं, साहेब त्यांना बोलले होते म्हणे," ती हसत म्हणाली. "शॉपवर पेढे वाटायला सांगितलेत मी त्यांना. तुम्हीही घ्या."

मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, मत्सरही वाटला. चार महिने मी तिला रोज फोन करत होते. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.