गाडीच्या कपाळावरचं कुंकू

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा नाशिकला अंबडच्या आमच्या कारखान्यात बिनड्रायव्हरची गाडी आली. गाडी म्हणजे कमरेएवढ्या उंचीची ट्रॉली. जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागानं ती गिअरचे जड भाग स्टोअरमधून असेंब्लीपर्यंत आपली आपण नेऊन पोचवायची. तिच्या पुढच्या अंगाला मधोमध रुपयाएवढी गोल काच होती. काचेमागचा सेन्सर समोर माणूस दिसला की गाडी थांबवायचा.

कंपनीनं मला आठवडाभर शिकायला पाठवलं होतं. त्यामुळे लोकांच्या मनातली भीती घालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी पद्धत सोपी होती. मी गाडीपुढे हाताची घडी घालून उभा राहायचो आणि ती दोन हातांवर थांबायची. लोक टाळ्या वाजवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

सगळ्यांत जास्त घाबरायचे ते आमचे एक जुने फिटर. सगळे त्यांना दादा म्हणत. मखमलाबादकडे त्यांची फुलांची शेती होती. पहाटे झेंडू तोडून मार्केटला घालायचे आणि मग पाळीला यायचे. गाडी दिसली की ते लेथच्या मागे जाऊन उभे राहत.

"विश्वास ठेवा हो दादा," मी म्हणायचो.

"विश्वास तर गेला पानिपतात," ते म्हणायचे. "बैल बिथरला तर त्याच्या डोळ्यात दिसतं तरी. हिच्यात काय बघू?"

मी हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. महिनाभर चिडवलं आणि एका दुपारी सगळ्यांदेखत त्यांना गाडीपुढे उभं केलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. गाडी थांबली. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग हसले.

त्या दिवसापासून माणूस पार बदलला. गाडीकडे पाठ करून तंबाखू मळायचे. तिच्या वाटेच्या पिवळ्या पट्ट्यांमधून चालताना मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत. "थांबती ती," म्हणायचे. मला वाटलं, जिंकलो. काच रोज स्वच्छ लागते, भरलेली गाडी थांबायला जास्त जागा घेते, हे मला शिकवलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा परत लेथमागे गेले असते.

खंडेनवमीला दादांनी घरच्या झेंडूच्या माळा आणल्या. प्रत्येकानं आपापल्या यंत्राची पूजा केली. गाडी माझ्याकडे होती. यंत्राला कपाळ कुठलं असतं? पण ती गोल काच बरोबर कपाळाच्या जागी होती. मी कुंकू ओलं केलं आणि तिच्यावर ठसठशीत टिळा लावला. नारळ फुटला, पेढे वाटले, काम सुरू झालं.

दादा पट्ट्यांच्या मध्ये, गाडीकडे पाठ करून पेढा खात उभे होते. मी दहा पावलांवर होतो. गाडी येताना मला दिसत होती. मी ओरडलो नाही, कारण ती थांबणार होती. ती थांबली ती काचेमुळे नाही, पुढच्या रबरी पट्टीला दादांच्या पायाचा धक्का लागला तेव्हा. पण भरलेली गाडी ती रबरी पट्टी दबल्यावरही वीतभर सरकते. तेवढ्यात दादांचं डावं पाऊल खाली सापडलं.

त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. साहेब खाली येईपर्यंत गाडीजवळ मी एकटाच होतो. मी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. ठरवून नाही, हात गेला. साहेबांनी गाडी चालवून पाहिली, ती समोरच्या माणसाला बघून नीट थांबली. कामगाराचा निष्काळजीपणा, असा अहवाल झाला. साक्षीदार म्हणून मी सही केली. संध्याकाळी घरी गेलो, पोटभर जेवलो. काही वाटलं नाही. पुढेही बरेच दिवस काही वाटलं नाही.

दादा तीन महिन्यांनी परत आले. डाव्या पायाची तीन बोटं गेली होती. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, "लय दिस इचारायचं होतं. तू बघत होता ना? ती थांबली होती. मीच पाय मागं घेतला आसंल. हाय ना?"

खरं सांगायला तेवढी एकच वेळ होती. मी म्हणालो, "हो दादा."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हनतो मी. घरचे उगाच गाडीला नावं ठेवत्यात."

नव्या लोकांना गाडीची ओळख करून द्यायचं काम पुढे दादांनीच मागून घेतलं. निवृत्त होईपर्यंत केलं. लंगडत पट्ट्यांच्या मध्ये जायचे, गाडीकडे पाठ करून उभे राहायचे आणि बूट काढून पाऊल दाखवायचे.

"गाडी चुकत नाय," सांगायचे. "मी चुकलो. पायजे तर यांना विचारा."

लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो.