मनातल्या मनात गोल

विरारला नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात साहेबांनी आम्हा शिक्षकांना बजावलं, "मुलांना रांगेत नाही, गोलात बसवायचं."

मनवेलपाड्याच्या आमच्या शाळेतली माझी सहकारी उठली. "सर, आमच्या वर्गात बाक सरकवायलाही जागा नाही."

"मग गोल मनातल्या मनात करा, मॅडम!"

"तसं असेल तर सर, हे प्रशिक्षणही आम्ही घरी बसून मनातल्या मनातच केलं असतं."

सगळे खदखदून हसले. साहेबही हसले, तेव्हा मला वाटलं, सुटली बिचारी. पण आठवड्याभरातच आदेश आला की मॅडम छान बोलतात, त्यांनाच प्रशिक्षक नेमा. आता ती तालुकाभर शिक्षकांना शिकवत फिरते आणि तिच्या वर्गातली मुलं माझ्या वर्गात, खिडकीच्या कट्ट्यावर बसतात.