कुडाच्या फटी

माझ्या अंगात दम म्हणून नाही. त्या उन्हाळ्यात हिर्डोशीला आईकडे राब भाजायला गेले, तेव्हाही तीनची एसटी गाठायची घाई होती. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, फांद्या, गवत अंथरून वर माती पसरलेली होती. राब वाऱ्याच्या उलट पेटवायचा, म्हणजे आग धुमसत सरकते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण तसं भाजायला अख्खी दुपार जाते. आई दुसऱ्या टोकाला माती सारखी करत होती. मी तिला न विचारता वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली. जाळ धावतच तिच्याकडे गेला आणि तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला.

पुण्याच्या दवाखान्यात कसं झालं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माजाच पाय घसरला." मी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

जखम खोल होती. कातडी आवळून आली तर घोटा वाकणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घोटा वाकला नाही तर उकिडवं बसता येणार नाही. मग चूल, रोप काढणं, आईचं सगळंच सुटलं.

मेलेली कातडी काढून त्यांनी जखमेवर कोलॅजेनची जाळी बसवली. स्पंजासारखी मऊ, बारीक भोकांची. आईला वाटलं, गरीब बघून आपल्याला भोकाची दिली. भोकं मुद्दामच असतात, त्यांतून नवं मांस आणि रक्तवाहिन्या चढतात, जाळी हळूहळू विरून जाते, मग वर मांडीची पातळ कातडी लावायची, असं बाईंनी समजावलं.

आमच्या गोठ्याच्या भिंती कारवीच्या काठ्यांचा कूड विणून, वर चिखल लिंपून केलेल्या. आईनं थोडा विचार केला. "म्हंजी कूडच की. फटी नसल्या तर चिखल धरंल कशाला?" मग तिचं तिलाच पटेना. कूड काय विरघळत नाही, म्हणाली. भिंत उभी राहिल्याशी कारण, असं म्हणून बाई हसल्या.

पुढं कितीतरी महिने रोज घोटा वाकवायचा व्यायाम होता. ती करायची, कण्हायची, आणि वर मलाच जेवलीस का विचारायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी दोन दिवसांची रजा काढून राबाला गेले. बांधावर उभी राहून एकदाचं बोलले, "आई, तुझा पाय घसरला नव्हता."

ती राबाच्या कडेला उकिडवी बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या होत्या. चिमूटभर माती हवेत सोडली, धूळ वाऱ्यासरशी खालच्या नदीकडे गेली. कमरेची काड्यापेटी काढून तिनं माझ्यापुढं धरली.

"नदीकडनं लाव," ती म्हणाली. "आन् तीनची यष्टी जाऊं दे."