रोबोटला बांधलेला दुपट्टा

दोन हजार सालानंतर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोटची साथ आली. ज्यांना घरचा मिक्सर उघडता येत नव्हता, तेही सोल्डरिंग गन घेऊन व्हरांड्यात मिरवू लागले. मीही त्यांच्यातलीच, फक्त मिक्सर मी शाळेत असतानाच उघडला होता.

आमची चौघांची टीम, तीन मुलं आणि मी. पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी आम्ही बनवली. पट्टी ओळखणारे सेन्सर मी जोडले होते. तरी स्पर्धेच्या दिवशी कप्तानाने कामं वाटली, तेव्हा माझ्या वाट्याला चार्ट आला. फ्लेक्सभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभं राहून पाहुण्यांना इंग्रजीत माहिती द्यायची. मुलींना हे छान जमतं, असं त्याचं शास्त्रीय मत होतं.

मला चार्टचं नाही, पुण्याचं पडलं होतं. जिंकणाऱ्या टीममधल्या एकाला विभागप्रमुख पुण्याच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला पाठवणार होते. बाबांचं वर्ध्याला लागून पिपरी मेघेत किराणा दुकान. पुण्याचा विषय काढला तेव्हा वजनकाट्यावरची नजर न काढता ते म्हणाले होते, "सरायनं सोता निवडलं तर जाजो." म्हणजे सरांना मी दोरीच्या आत काम करताना दिसणं भाग होतं.

स्पर्धा सभागृहात व्हायची होती, पण पाहुण्यांच्या आधी लोडशेडिंग पोचलं. मग सगळं बिऱ्हाड मैदानावरच्या मांडवात हलवलं. मांडव तरी कसला, अर्ध्या फ्लेक्सवर कापडाची सावली आणि अर्ध्यावर मार्चचं ऊन. सरावाच्या फेरीत आमची गाडी सावलीत सुतासारखी सरळ चालली आणि उन्हात शिरताच पिसाळली. पट्टी सोडून गरगर फिरली आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन आदळली.

झालं, संशोधन सुरू झालं. कप्तान म्हणाला बॅटरी, म्हणून बॅटरी बदलली. दुसरा म्हणाला मोटर, म्हणून धडधाकट मोटर खोलून पुन्हा बसवली. तिसऱ्याने प्रोग्राममध्ये असा काही बदल केला की गाडी आता सावलीतही चालेना. "हे काऊन असं करून राह्यली बे?" हा प्रश्न तिघं एकमेकांनाच विचारत होते. लिंबू-मिरचीचाही विषय निघाला, आणि सगळ्या उपायांत कमी नुकसानीचा तोच होता.

मी बाहेरून सांगितलं की सेन्सर उन्हाने दिपतात, आपण गाडी पडदे ओढलेल्या लॅबमध्येच तपासली होती. कप्तानाने मागे वळूनही पाहिलं नाही. "तू मधात नको येऊ, चार्ट सांभाळ," तो म्हणाला.

आमचा नंबर पुकारला तशी मी चार्ट खुर्चीवर टाकला आणि दोरी ओलांडली. उन्हाचं काय करायचं हे वर्ध्याच्या मुलीला शिकवावं लागत नाही. स्कूटीला चावी लावायच्या आधी आम्ही डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतो. माझा काळा सुती दुपट्टा मी घडी घालून गाडीच्या तोंडाशी तसाच आवळला, सेन्सरभोवती जमिनीपर्यंत झालर सोडली आणि तिसऱ्याला त्याचा जुना प्रोग्राम परत घालायला लावला. परीक्षकांनी नियम चाळले. दुपट्ट्याला मनाई कुठेच नव्हती. गाडी उन्हात शिरली आणि ट्यूशनला निघालेल्या मुलीसारखी सरळ निघून गेली. लोक पोट धरून हसले, पण आम्ही अंतिम फेरीत पोचलो. मला इतका आनंद झाला की बाबांना काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले.

जेवणाच्या सुट्टीत विभागप्रमुख आले. पहिला नंबर आपलाच, असं धरून त्यांनी कप्तानाची पाठ थोपटली आणि पुण्यासाठी त्याचं नाव पक्कं केलं. हे सगळ्या टीमचं श्रेय आहे, असं कप्तान नम्रपणे म्हणाला आणि पुण्याला एकटाच जायला तयार झाला. मग सरांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुझ्या दुपट्ट्याचा बराच उपयोग झाला हं," ते म्हणाले.

दुपट्ट्याचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकले, गाडीची गाठ सोडली, दुपट्टा झटकला आणि आपल्या तोंडाला बांधायला घेतला. कप्तानाच्या हातातला घास हातातच राहिला. अंतिम फेरी व्हायची आहे अजून, दुपट्टा कुठे नेते, असं तो विचारू लागला.

"घरी," मी म्हणाले. "ऊन फार आहे."