पांढऱ्या साडीचा रंग

माझ्या मावसभावाइतका रंगांवर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. शाहूपुरीत त्याचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. तिथल्या भिंती राखाडी, पडदा राखाडी आणि हा स्वतः बारा महिने राखाडी शर्टात. का, तर रंगीत कपड्याची झाक मॉनिटरवर पडते म्हणे. एका भाऊबीजेला माझी बहीण लालभडक साडी नेसून तिथेच ओवाळायला गेली, तर याने तिला ताटासकट दारात थांबवलं. "ताई, जरा भाईर बस की. नवरीचं तोंड लाल दिसाय लागलंय!"

गडमुडशिंगीच्या एका बौद्ध कुटुंबातल्या लग्नाचे फोटो त्याने काढले, तेव्हा या वेडाने कळस गाठला. नवरीची साडी पांढरी. मॉनिटरवर ती पिवळट दिसायची, म्हणून हा फोटोत थोडा निळा मिसळायचा. मग कागदावर ती नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी निघायची. त्याने वायर बदलली, दिवे बदलले, रंग मोजायचं यंत्र पडद्याला जळूसारखं चिकटवून बघितलं. अधूनमधून नवरीचे वडील, आण्णा, बाजाराची पिशवी घेऊन डोकवायचे. "पावणं, झालं का? माझ्या डोळ्याचं काय खरं न्हाय. दिसतंय तवर दावा की."

"आण्णा, पांढरं अजून पांढरं झालं न्हाय," हा सांगायचा. घाई असली की लोक काहीही कारणं काढतात, असं त्याला वाटे.

शेवटी एका दुपारी त्याचा फोन आला. "घावलं रं!" मॉनिटर नवा होता, पण सॉफ्टवेअर अजून जुन्या मॉनिटरचाच प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद, धरून बसलं होतं. जो मॉनिटर त्याने कधीच विकून टाकला होता, त्याच्या रंगांना हे सांभाळून घेत होतं! सेटिंगमध्ये नव्याचा प्रोफाइल निवडला आणि साडी पांढरी झाली.

अल्बम द्यायला मीही सोबत गेलो. आण्णा घराच्या पुढच्या सोप्यात काळा चष्मा लावून बसले होते. काचबिंदूने उरलीसुरली नजरही नेली होती. माहेरी आलेल्या लेकीने अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. पानावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "कशी दिसालीया माझी लेक?"

पांढऱ्याच्या छटांवर तासभर बोलणारा हा माणूस "साडी पांढरीशुभ्र हाय, आण्णा" एवढंच म्हणाला. मग लेकच सांगू लागली, "तुम्ही हसालाय बघा, आण्णा. आई डोळं पुसतीया." आण्णा ऐकत होते, मान हलवत होते. आमच्यासाठी चहा आला. तो त्याने कसाबसा संपवला.

परतताना गाडीत, उचगाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "पिवळट तर पिवळट. बघितलं तर असतं त्यानी."

त्याचं रंगांचं वेड काही सुटलेलं नाही. पण हल्ली लग्नाची ऑर्डर घेताना तो आधी विचारतो, "घरात म्हातारं माणूस कोण हाय?" आणि लग्न झालं की त्यांच्यासाठी फोटो सगळ्यांत आधी छापून, स्वतः घरी नेऊन देतो. रंग येतील तसे.