पाहुणे दारातच थांबले

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर फक्त वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसत हसत. भूतबित, शकुन, संकेत यातलं मला काहीच पटत नाही. त्यात माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. कुठे काही विचित्र घडलं की त्यामागे कोणाचा तरी गाढवपणा असणार, हे धरूनच मी चालते... आणि तो शोधून काढायचा मला पगार मिळतो. तरीही हे लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही ग्वाल्हेरचे. शहराच्या लष्कर भागात, माधवगंजमध्ये तळमजल्यावर राहतो, दार थेट गल्लीत उघडतं. घरात आई आणि मी. बाबा मागच्या थंडीत गेले. आमचे पणजोबा दरबारात पुरोहित होते, बाबा वीज खात्यात इंजिनिअर. पूजाअर्चा त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवली होती, पण एक गोष्ट काही सोडली नाही. दुपारच्या जेवणाआधी दार उघडून उंबऱ्यात उभं राहायचं, गल्लीत डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं – कोणी पाहुणा येतोय का, कोणी उपाशी दिसतंय का. मग आत येऊन म्हणायचं, "कोणी नाही. चला, वाढा." त्याशिवाय आमच्याकडे ताट वाढलं जात नसे. लहानपणी पोटात कावळे ओरडत असताना मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

बाबा गेले आणि आईचं दुपारचं जेवणच सुटलं. स्वयंपाक करायची, मला वाढायची, आणि स्वतःचं मात्र "झाकून ठेव, मी घेईन नंतर". ते नंतर कधी यायचंच नाही. संध्याकाळी चहात बुडवून एखादा टोस्ट, बस. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर रागावले, मावशी फोनवरून रागावली, मी तर रोजच रागवायचे. आई कोणाशी वाद घालायची नाही, फक्त जेवायची नाही. मी मनातून पार घाबरून गेले होते.

आता गेमबद्दल. मी लॅपटॉपवर एक वस्ती वसवायचा गेम खेळते. ओसाड ग्रहावर मूठभर माणसं, त्यांच्यासाठी शेतं, खोल्या, भोजनगृह सगळं आपण उभारायचं. अधूनमधून दुसऱ्या वस्त्यांमधून पाहुणे येतात. हे पाहुणे महा आगाऊ – आले की सरळ भोजनगृहात घुसायचं, आपलं चांगलंचुंगलं खाऊन टाकायचं आणि चालू पडायचं. बाबांनी हा गेम कधी बघितलाही नव्हता. त्यांच्या लेखी तो टाइमपास होता.

एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावरच खेळत बसले होते. पाहुणे आले... आणि भोजनगृहाच्या दारात थांबले. सगळे. आतल्या बाजूला पाठ, बाहेर तोंड करून. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुन्हा डावीकडे. भुकेची पट्टी लाल झाली तरी कोणी आत जाईना. माझी स्वतःची माणसं त्यांच्या मधून वाट काढत जाऊन मजेत जेवत होती. दारं तपासली, परवानग्या तपासल्या, गेम बंद करून पुन्हा उघडला. तेच. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर असं कोणीच बघितलेलं नव्हतं. एकाने वर सल्ला दिला – "बहन, पहले ख़ुद कुछ खा लो."

आई पोळ्या आटोपून मागे येऊन उभी राहिली होती. वाकून स्क्रीनकडे बघायला लागली.

"भुकेले आहेत का गं बिचारे?"

"मरायला टेकलेत. समोर इतकं खाणं पडलंय, पण खात नाहीयेत. कुछ अटक गया है."

"अटकलं बिटकलं काही नाही," आई म्हणाली. "दार कोणी बघितलंय आज?"

तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय सांगावं तसा. मी गेम पॉज केला, ती सवयच आहे माझी, आणि जाऊन दार उघडलं. डावीकडे किराणावाल्याचं शटर अर्धं खाली. उजवीकडे ई-रिक्षात पाय पसरून झोपलेला ड्रायव्हर. मी आत आले आणि म्हटलं, "कोणी नाही. चला, वाढा."

आईने दोन ताटं घेतली. दोन. वरण-भात, वांग्याची भाजी, आणि नंतर स्वतःहून आणखी अर्धी पोळी घेतली. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. हात धुऊन लॅपटॉपकडे बघितलं. पॉजची खूण स्क्रीनवर तशीच होती, म्हणजे गेम थांबलेलाच होता. आणि पाहुणे आत बसले होते, प्रत्येकासमोर जेवून रिकामं केलेलं ताट.

टेस्टर आहे, सोडणार थोडीच. नंतर कितीतरी वेळा करून बघितलं. दार बघितलं नाही की ते उभे, बघितलं की जेवतात. आणि आईही. एकदा तर दारात खरंच पाहुणी सापडली – समोरच्या भदौरिया आंटी, घरातला गॅस संपलेला. आमची आमटी खाऊन म्हणाल्या, "दीदी, आप लोग दाल में भी गुड़ डाल देते हो?" आई खळखळून हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

गेल्या महिन्यात मला कामासाठी नोएडाला जावं लागलं. दुपारी कॅन्टीनमध्ये बसले होते, सगळं लक्ष घरी. तेवढ्यात आईचा फोन आला. "मी आत्ता दार बघून आले. कोणी नाही. बसते जेवायला." आणि वर म्हणाली, "तुझ्या त्या पाहुण्यांना पण बसव."

मी लॅपटॉप उघडला. ते आधीच बसले होते.

कारण मला आजही माहीत नाही. असा काही बग सापडला की गेम बनवणाऱ्यांना कळवायचं असतं, माझ्यासारखीने तर नक्कीच. मी मात्र कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही. त्यांनी दुरुस्त करून टाकला तर?